सादळला की संपला: खजुराच्या नर झाडाचा पराग काढणं, वाळवणं आणि पुढच्या हंगामापर्यंत जिवंत ठेवणं

भाऊजी शिडीवरून उतरले ते हसतच. "वहिनी, यंदा एकेका जागी तीन-तीन फळं धरलीत. तिप्पट माल!" त्यांनी तोडून आणलेली काडी हातात घेतली आणि माझ्या पोटात गोळा आला.

खजुराच्या मादी फुलात तीन अंडाशय असतात. परागकण पोचला आणि फलन झालं की त्यातला एकच वाढतो, बाकीचे दोन सुकून गळतात. तिन्ही एकमेकांना खेटून फुगत राहिले तर समजायचं की तिथे फलन झालेलंच नाही. ही फळं बिनबियांची, खुरटी राहतात आणि नीट पिकत नाहीत. आमच्या अठरा झाडांवर त्या वर्षी हेच झालं होतं. परागीकरण आम्ही केलं होतं, एकही घड सोडला नव्हता. फक्त जो पराग शिंपडला, तो मेलेला होता.

भाऊजींचं म्हणणं, पराग वर्षभराचा जुना होता म्हणून मेला. मला ते पटलं नाही, कारण मी त्या काचेच्या बरणीच्या झाकणाला आतून बोट लावून पाहिलं होतं आणि बोट ओलं झालं होतं. दोन आठवडे रोज सकाळी फ्रीजमधून बरणी काढायची, थंड असतानाच उघडायची, लागेल तेवढा पराग घ्यायचा आणि परत आत ठेवायची, असं मीच केलं होतं. हवेतली वाफ दररोज त्या गार परागावर बसत होती. वय वाढलं म्हणून नाही, सादळला म्हणून तो मेला. तेव्हापासून आमच्याकडे जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते आहे.

साठवायची गरजच काय, असं कुणी विचारेल. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वाऱ्यावर सोडून दिलं तर थोडीफार फळधारणा होते, पण तेवढ्यावर बाग चालत नाही. म्हणून चाळीस-पन्नास माद्यांमागे एक चांगला नर ठेवायचा आणि पराग हाताने पोचवायचा, ही रीत फार जुनी आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, बाग परागीकरणासाठी माळ्याकडे दिली तर उत्पन्नाचे दोन भाग मालकाचे आणि एक भाग माळ्याचा असं कलम आहे. पुढचंच कलम माळ्याने परागीकरणात हयगय केली तर त्याने काय भरून द्यायचं याचं आहे. त्या अठरा झाडांच्या हिशेबाने मी चांगलीच बुडाले असते.

अडचण वेळेची असते. मादीची पोय उकलली की पहिले दोन ते चार दिवस सगळ्यात चांगले. काही जातींत फूल त्यापुढेही आठवडाभर पराग स्वीकारतं, पण त्या भरवशावर राहू नये. लवकर फुलणाऱ्या माद्या तयार असतात आणि नर अजून गप्प असतो, असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी गेल्या हंगामातल्या परागाशिवाय इलाज नसतो. (नारळाच्या बागेत झाकलेल्या फुलोऱ्याला पोय म्हणतात. आम्ही खजुरालाही तोच शब्द वापरतो.)

नर सगळे सारखे नसतात

आमचे तिन्ही नर बियांपासून आलेले आहेत. बी लावलं की साधारण निम्मी रोपं नर निघतात आणि निम्मी मादी. कोण काय आहे हे पहिल्यांदा फुलल्यावरच कळतं, त्यात चार-पाच वर्षं तरी जातात. आणि बियांपासून आलेले दोन नर कधीच एकसारखे नसतात.

एक नंबरची पोय सगळ्यात दांडगी असते. सुरुवातीला आम्हाला तिचं फार कौतुक होतं. कापून वाळवली की कागदावर फुलं ढीगभर आणि पराग जेमतेम. दोन नंबर लवकर फुलतो, पराग मध्यम देतो. तीन नंबर दिसायला किरकोळ आहे, फुलतोही उशिरा, पण त्याची काडी झटकली की धुरळा उडतो आणि फुलं काडीला धरून राहतात. फुलं धरून ठेवणं हा मोठा गुण आहे. फुलं लवकर झडली तर त्यांच्याबरोबर परागकोशही, म्हणजे पराग भरलेल्या पिशव्याही, जातात. तेव्हा नर निवडताना पोयीच्या आकारावर भाळू नका. एका पोयीचा पराग वाळवून, चाळून, वजन करून बघा आणि वहीत लिहा. सलग दोन हंगाम लिहिल्याशिवाय मत बनवू नका.

नराचा परिणाम फळ धरण्यापुरताच असता तर गोष्ट सोपी होती. परागाच्या जातीनुसार त्याच मादीच्या फळाचा आकार, बियांचा आकार आणि पिकण्याची वेळही बदलते. वनस्पतीशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी १९२८ मध्ये खजुरातल्या या परिणामाला मेटाझेनिया असं नाव दिलं आणि रॉय निक्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या इंडिओ इथे त्यावर पुष्कळ प्रयोग केले. इराकमध्ये घन्नामीसारखे नर त्यांच्या परागासाठीच जपले जातात. चांगला नर सापडला आणि त्याला बुंध्याशी फुटवे असले तर ते जपा. फुटवा आईसारखाच निघतो, बी निघत नाही.

कधी कापायची

पोय आधी हिरवट असते, मग तपकिरी होते आणि शेवटी उभी चीर पडून उकलते. उकलण्याच्या आदल्या दिवशी किंवा उकलल्या उकलल्या कापायची. तयार पोय अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध दाबली की आतून करकर असा बारीक आवाज येतो. कच्ची पोय घट्ट लागते, आवाज करत नाही. कच्ची कापली तर परागकोश भरलेले नसतात. फुलं सुकतात, पण फुटत नाहीत. उकलून दिवस गेला तर वारा आणि मधमाश्या आपला वाटा उचलतात. मी एकदा मधमाश्यांनी भरलेली पोय बघून "किती छान" म्हणत उभी राहिले होते. संध्याकाळपर्यंत त्या काड्यांवर काही उरलं नव्हतं.

सकाळी दव सुकल्यावर कापा. पाऊस पडून गेला असेल तर थांबा. झाडावर चढण्याआधी पानांच्या देठांवरचे काटे कापून घ्या. ते सुईसारखे असतात आणि डोळ्याच्या उंचीवर येतात. पोय खाली टाकू नका, दोरीला बांधून सोडा, नाहीतर आपटल्यावर अर्धा पराग जमिनीलाच मिळतो. नाकाला फडकं किंवा मास्क हवाच. भाऊजींना आता परागाने शिंकांची माळ लागते. पहिली पाच वर्षं त्यांना काहीच होत नव्हतं.

एक गोष्ट कटाक्षाने पाहा. न उकललेल्या पोयीवर गंजासारखे तपकिरी डाग असतील आणि आतून पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर ती खामेज या रोगाची खूण असू शकते. ही फुलोऱ्याची कूज आहे आणि रोगट नर काडीबरोबर ती मादीपर्यंत जाते. अशी पोय बागेबाहेर नेऊन जाळा. तिच्यातला चांगला भाग निवडून घेण्याचा मोह नको. तो विळा धुतल्याशिवाय दुसऱ्या पोयीला लावायचा नाही.

वाळवणं

इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. ताजी फुलं मेणचट आणि पाण्याने भरलेली असतात. ढीग करून ठेवली तर एका रात्रीत आतून गरम होतात आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो.

पोयीचं कवच काढून टाका आणि काड्या सुट्या करा. कोऱ्या खाकी कागदावर एकेरी थरात, एकमेकांना न चिकटवता पसरा. वर्तमानपत्र नको, त्याच्या खरखरीत कागदात पराग अडकतो. खोली कोरडी हवी, सावलीची, वारा न येणारी. पंखा बंद. तापमान २८ ते ३२ अंश सेल्सियसच्या दरम्यान असलं की काम छान होतं. उन्हात वाळवू नका. झटपट वाळल्यासारखा दिसतो, पण ऊन परागाला मारतं. हवा दमट असेल तर मी खोलीत एक साधा बल्ब लावून ठेवते, काड्यांपासून दूर. दिवसातून एकदा काड्या हलक्या हाताने उलटायच्या. दोन-तीन दिवसांत फुलं कागदासारखी वाजायला लागतात आणि खाली फिकट पिवळी भुकटी जमते.

मग काड्या कागदावरच झटका. फुलं, पाकळ्या, परागकोशांची टरफलं असा बराच कचरा पडतो. आधी साध्या चाळणीतून काढा, मग वस्त्रगाळ करा. परागकण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, तो मलमलीतून सहज जातो. कचरा ठेवला तर बिघडलं कुठे, असं मलाही वाटायचं. पण पाकळ्यांच्या तुकड्यांत ओल राहते, ती हळूहळू परागात उतरते, आणि बारीक किडे येतात ते त्या कचऱ्यातूनच.

चाळलेला पराग बोटांत चोळल्यावर टाल्कसारखा सरकला पाहिजे. गोळी झाली तर परत कागदावर. बाटली वाकडी केल्यावर तो पाण्यासारखा वाहत असेल तर पुढे जा.

वाहतोय म्हणजे कोरडा झाला, असं नाही. आता हवाबंद बरणीत तळाला सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे), वर जाळी, आणि तिच्यावर उघड्या बशीत परागाचा पातळ थर, असं दोन रात्री ठेवा. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे ते थकलं की कळतं. थकलेलं जेल ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. जेल आणि पराग एकमेकांना लागता कामा नयेत.

साठवणं

मोठी बरणी कधीच नाही. माझ्या त्या फजितीतून मी शिकले ते एवढंच म्हटलं तरी चालेल. घट्ट बुचाच्या लहान बाटल्या घ्या आणि एकेका बाटलीत एका दिवसाच्या कामापुरता पराग भरा. बाटली काठोकाठ भरली तर आत हवा कमी राहते. बाटलीवर नराचा नंबर, कापल्याची तारीख आणि चाचणीचा आकडा लिहायचा. कागदी चिठ्ठी थंडीत सुटते, म्हणून मी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावते. या सगळ्या बाटल्या एका मोठ्या हवाबंद डब्यात, डब्यात पुन्हा सिलिका जेल.

हा डबा कुठे ठेवायचा ते पराग कधी लागणार यावर ठरतं. याच हंगामात दोन-तीन आठवड्यांत संपणार असेल तर कोरड्या, गार, अंधाऱ्या कपाटातही चालतं. चांगला वाळलेला पराग घरातल्या तापमानाला दोन-तीन महिने तग धरतो, पण त्याची ताकद रोज थोडी उतरत असते. पुढच्या हंगामासाठी ठेवायचा तर फ्रीजमध्ये ४ ते ५ अंशांवर, कोरडेपणा राखून. त्याहून चांगलं म्हणजे उणे १८ अंशांचं डीप फ्रीजर. आम्ही आता तेच वापरतो. प्रयोगशाळांत द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर पराग वर्षानुवर्षं ठेवतात. घरच्या बागेला त्याची गरज नाही.

फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात डबा ठेवू नका, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. वीज गेली तर दार न उघडता थांबा. आणि बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. बूच घट्ट ठेवून तिला दोन तास तशीच खोलीत राहू द्या. काचेवर बाहेरून जमलेलं पाणी पुसा, बाटली हाताला गार लागेनाशी झाली की मगच उघडा. एकदा उघडली ती त्याच दिवशी संपवायची, परत गोठवायची नाही. भाऊजींना ते दोन तास फार जड जातात. म्हणून मी उजाडायच्या आत उठून बाटल्या बाहेर काढते आणि ते उठतील तोवर त्या तयार असतात.

इस्रायलमधल्या मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं. ते झाड नर निघालं, त्याला मेथुसेला म्हणतात. त्याच्या परागावर हॅना नावाच्या, तशाच प्राचीन बियांच्या मादीला फळं धरली आणि २०२० मध्ये ती काढली. मी हे घरी सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "मग आपला वर्षभरात कसा मरतो?" बियांचं आवरण काय आणि परागाचं काय! बी वाट पाहण्यासाठीच घडलेलं असतं. पराग दोन-चार दिवसांत कुठेतरी पोचावा म्हणून घडलेला.

जिवंत आहे का, हे कसं कळणार

डोळ्यांनी कळत नाही. मेलेला परागही पिवळाच असतो, भुकटीच असतो. गुठळ्या, काळपट रंग किंवा कुबट वास आला तर टाकून द्यावा, पण ही लक्षणं नसली म्हणजे तो जिवंत आहे असं नव्हे. ॲसिटोकारमाइन या लाल रंगाने रंगवून बघायची पद्धत सोपी आहे. लाल झालेले कण चांगले धरतात. पण कण नुकताच मेला असला तरी आतला जीवरस रंग घेतो, त्यामुळे आकडा फुगतो. माझ्या त्या सादळलेल्या परागाने रंग छान घेतला असता, अशी मला शंका आहे.

म्हणून उगवण चाचणी. सूक्ष्मदर्शक लागतो, शाळेत असतो तसला पुरतो. १०० मिलिलिटर माध्यमासाठी १५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम अगार (जेलीसारखी घट्ट होणारी भुकटी), १० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट लागतं. दहा मिलिग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, त्याला युक्ती आहे. १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा, त्यातलं १ मिलिलिटर घेतलं की त्यात १० मिलिग्रॅम आलं. कॅल्शियम नायट्रेटचं असंच, पण ३ ग्रॅम. पाणी डिस्टिल्ड घ्या. साखर आणि अगार ९८ मिलिलिटर पाण्यात उकळून विरघळवा, कोमट होता होता दोन्ही द्रावणं एकेक मिलिलिटर घाला आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर पातळ थर ओता.

वाळवून गोठवलेला पराग एकदम ओल्या माध्यमावर टाकला तर कण पाणी ओढून फुटतात आणि चांगला परागही नापास होतो. म्हणून आधी तासभर तो ओलसर टिपकागद ठेवलेल्या बंद डब्यात उघडा ठेवा, कागदाला न टेकवता. मग मऊ कुंचल्याच्या टोकावर अगदी थोडा घेऊन वरून टिचकी मारा. दाट पडला तर मोजता येत नाही. पट्टी ओल्या टिपकागदाच्या बंद डब्यात २५ ते २८ अंशांवर २४ तास ठेवा.

दुसऱ्या दिवशी बघताना दर वेळी मला नवल वाटतं. लंबगोल कणातून काचेच्या दोऱ्यासारखी परागनळी निघालेली असते. नळीची लांबी कणाच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तरच तो उगवला असं धरा. तीन वेगवेगळ्या जागी शंभर-शंभर कण मोजा आणि सरासरी काढा.

माझा घरचा नियम असा आहे. सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर तो साठवायच्या लायकीचा. पन्नास ते सत्तर असेल तर याच हंगामात वापरायचा. तीस ते पन्नास असेल तर काही न मिसळता, सढळ हाताने, आणि दोन दिवसांनी दुसरा हात द्यायचा. तीसच्या खाली कितीही प्रेम असलं तरी फेकायचा. चाचणी दोनदा होते: साठवण्याआधी एकदा आणि वापरण्याच्या आठवडाभर आधी एकदा. दुसरी चुकवलीत तर पहिलीचा उपयोग नाही.

सूक्ष्मदर्शक नसेल तर एका लवकर उकललेल्या मादी घडावर तो पराग वापरा आणि घडाला कागदी पिशवी बांधा, म्हणजे दुसरीकडचा पराग येणार नाही. चार-पाच आठवड्यांनी एकेक फळ दिसलं तर पास, तीन-तीन दिसली तर नापास. तेवढ्यात हंगाम निघून जातो, हा यातला तोटा. पुढच्या वर्षीसाठी मात्र धडा मिळतो.

वापरताना

ताज्या नर काड्या मिळत असतील तर तीन ते पाच काड्या मादी घडाच्या मधोमध उलट्या खोचून सैल बांधणं अजूनही उत्तम. साठवलेला पराग मी बिनवासाच्या टाल्कमध्ये, एकाला पाच या प्रमाणात मिसळते आणि रबरी फुग्याच्या फवाऱ्याने मारते. मैदाही वापरतात, पण तो ओल धरतो आणि आमचं ओलीशी वैर आहे. मिश्रण त्या दिवसापुरतंच करायचं.

ऊन चढून हवा २५ अंशांच्या आसपास आली की सुरुवात करा. पहाटेच्या गारठ्यात परागनळी वाढत नाही. परागीकरणानंतर पाच-सहा तासांत पाऊस आला तर ते काम झालं नाही असं धरून पुन्हा करायचं. त्यासाठी दर हंगामात चार-पाच बाटल्या हिशेबाबाहेर ठेवते. भाऊजी त्यांना "पावसाच्या बाटल्या" म्हणतात.

यंदा पाऊस आलाच नाही. पाचही उरल्या, सगळ्या तीन नंबरच्या. काल त्यातली एक चाचणीसाठी उघडली, चौऱ्याहत्तर टक्के निघाली. उरलेल्या चार परत डब्यात गेल्या, खाली नवं सिलिका जेल घातलंय.